दहापैकी साडेसहा

नागपुरातल्या मुलींच्या एका शाळेत उत्तरा खानझोडे यांनी चौदा वर्षं मराठी शिकवलं. त्या चौदा वर्षांत निबंधाला त्यांनी दिलेले सर्वांत जास्त गुण साडेसहा. दहापैकी. तेही एकदाच, १९९१ साली, 'आमच्या घरातलं बंद पडलेलं घड्याळ' या विषयावर. मुलीचे वडील पेढे घेऊन घरी आले होते. बाईंनी पेढे घेतले आणि त्यांना सांगितलं, "शेवटचा परिच्छेद सैल आहे."

दहापैकी दहा का देत नाही, असं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "दहा म्हणजे ज्यात सुधारायला काहीच उरलं नाही असा निबंध. तो लिहिणारी मुलगी माझ्या वर्गात कशाला बसेल?"

अशी बाई १९९९ साली नवऱ्याच्या मागोमाग अमेरिकेत, इलिनॉयमधल्या शॉमबर्गला आली. नवरा मोहन, कॉम्प्युटरवाला, स्वभावाने कोणालाही 'ऑल ओके' म्हणणारा. मुलगी निधी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि सहा महिन्यांत मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायला शिकली.

नागपूरच्या माणसाला उन्हाशी कसं वागायचं ते जन्मतः कळतं. बर्फाबद्दल तशी काही सोय नसते. २००१ च्या डिसेंबरात अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, दोन्ही हातांत दुधाचे कॅन घेऊन उत्तराबाई ओल्या दिसणाऱ्या डांबरावर पाय टाकायला गेल्या आणि ते ओलं नव्हतं, गोठलेलं होतं. त्या कंबरेवर आपटल्या. पडल्या पडल्या पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे कोणी पाहिलं का ते पाहिलं. कोणीही पाहिलं नव्हतं. हे त्यांना तेव्हा नशीब वाटलं. दूधही सांडलं नव्हतं.

मणक्यातली चकती सरकली होती. २००२ च्या वसंतात ऑपरेशन झालं. सर्जनच्या मते ते पूर्ण यशस्वी झालं. उजवा पाय मात्र या यशात सहभागी झाला नाही. कंबरेत ठणका, मांडीतून निघून खाली जाणारी कळ, पोटरीत गोळे, तळव्याची आग आणि अंगठ्याला मुंग्या, एवढं सगळं कायमचं राहायला आलं. एका पायात एवढे वेगवेगळे शब्द नांदत होते आणि नर्सच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते: शार्प आणि डल. बाईंनी विचारलं, दोन्ही चालतील का? नर्सने विचार करून 'डल'वर खूण केली.

पुढचा प्रश्न आकड्याचा होता. भिंतीवर सहा गोल चेहऱ्यांचा तक्ता लावलेला. पहिला हसरा, शेवटचा रडणारा. तेव्हा हे तक्ते सगळीकडे नवीनच लागले होते.

"शून्य म्हणजे वेदना नाही," नर्स म्हणाली, "आणि दहा म्हणजे वर्स्ट पेन इमॅजिनेबल."

दुसऱ्या कोणी 'वर्स्ट' ऐकलं असतं. भाषेची बाई 'इमॅजिनेबल'पाशी थांबली. कल्पना करता येईल अशी सर्वांत वाईट. त्यांनी कल्पना केली. त्यांच्या आईला हाडांचा कॅन्सर होता. १९९६ साली शेवटचा महिना त्यांनी आईच्या उशाशी काढला होता. चादरीची घडी अंगाला लागली तरी आई किंचाळायची. पण याहूनही वाईट काही असू शकेल, अशी कल्पना बाईंना करता आली. शिकवलेलाच विषय तो. तेव्हा आईला दहा देता येईनात. आठही जास्त वाटले. आईला त्यांनी सात दिले.

आईला सात, तर स्वतःला किती? स्वतःचा पेपर स्वतः तपासायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

"थ्री," त्या म्हणाल्या, आणि सवयीने हसल्या.

पुढली चार वर्षं त्या तीनच म्हणत राहिल्या. कधी अडीच. शिवाय 'हाउ आर यू' या प्रश्नाला 'फाइन, थँक यू' हे उत्तर त्यांनी पाचवीच्या पुस्तकातून पाठ केलेलं होतं आणि ते तोंडून निघाल्याशिवाय पुढची वाक्यं फुटत नसत. त्यामुळे त्यांच्या फाइलीत दर भेटीची सुरुवात एकच: प्लेझंट भारतीय स्त्री. आपण ठीक असल्याचं सांगते. वेदना दहापैकी तीन.

या काळात बाई स्वस्थ पडून होत्या असं नाही. ग्रीन कार्ड आल्याबरोबर त्यांनी ठरवून टाकलं होतं की, इलिनॉयमध्ये शिक्षिकेचं सर्टिफिकेट मिळवायचं आणि पुन्हा वर्गासमोर उभं राहायचं. नागपूरचं बी.एड. इथल्या लोकांनी आदराने हाताळलं आणि अर्धंच मान्य केलं. उरलेल्या अर्ध्यासाठी कॉलेज होतं, आणि सगळ्यात शेवटी चौदा आठवडे एका शाळेत रोज पूर्ण दिवस शिकवायचं होतं. वीस मिनिटांहून जास्त बसता येत नसल्यामुळे त्यांनी तीन वर्षांचा अभ्यास इस्त्रीच्या बोर्डावर, उभ्याने केला. बोर्ड कोपरापर्यंत वर घेतला की वही बरोबर हाताशी येते. मोहन तीन वर्षं चुरगळलेल्या शर्टांत ऑफिसला गेला आणि सगळ्यांना 'ऑल ओके' म्हणाला. कॉलेजात त्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहत. प्रोफेसरांना बराच काळ वाटत होतं की ही भारतातली आदर दाखवायची पद्धत आहे.

तिथल्या मराठी मंडळात मात्र सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि मंडळाने त्याचा उपयोग करून घेतला. गुरुदत्त काका हे तिथले ज्येष्ठ. १९७१ साली आलेले, भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. आयुष्यभर लोकांना दुखू नये म्हणून त्यांनी झोपवलं होतं. निवृत्तीनंतर तेच काम ते भाषणं करून करत. २००५ च्या संक्रांतीला विषय होता 'सकारात्मक जगा'. चाळीसाव्या मिनिटाला काकांनी हात लांब केला.

"उदाहरण शोधायला लांब कशाला जायचं? आपल्या उत्तराताई! उत्तराताई, जरा उभ्या राहा!"

त्या उभ्याच होत्या. मागे, दाराजवळ, रेडिएटरला टेकून.

टाळ्या झाल्यावर वसुधा काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, तिळगूळ घेऊन जवळ आल्या.

"तुम्ही बाई मनावर घेत नाही, ते छान करता. माझी नणंद बघा, जरा गुडघा दुखला की घर डोक्यावर. शेकता ना पाय?"

"शेकते."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या. प्रकरण मिटलं.

२००६ च्या जानेवारीत दुखण्याच्या क्लिनिकमध्ये एक नवीन डॉक्टर आले. त्यांनी पाय पाहिला, फाइल पाहिली, पुन्हा पाय पाहिला, आणि एक यंत्र सुचवलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, पाठीत कातडीखाली बसवायचं. दुखण्याचा निरोप मेंदूकडे निघाला की ते विजेच्या हलक्या लहरींनी त्याला वाटेतच अडवतं. सप्टेंबरात शाळेतले चौदा आठवडे सुरू होणार होते. यंत्र बसलं असतं तर बाई ते आठवडे माणसासारख्या उभ्या राहून काढू शकल्या असत्या. विमा कंपनीकडे कागद गेले. तीन आठवड्यांनी नकार आला. सोळा वर्षांच्या निधीने ते पत्र स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं आणि मधेच थांबली.

"आई, थ्री? यू टोल्ड देम थ्री?"

"मग किती सांगू?"

"थ्री इज अ पेपर कट! तू रात्री बाथटबच्या कडेला बसून रडतेस, आय कॅन हिअर यू."

"रडण्याचे वेगळे गुण नसतात."

"ओके. आजीला किती दिले असतेस?"

"सात."

"सात? आई, शी डाइड!"

"हो, पण अगदी शेवटपर्यंत बोलत होती," उत्तराबाई म्हणाल्या आणि कणकेकडे वळल्या.

अपील करता येणार होतं. सोबत ओळखीच्या जबाबदार माणसाचं पत्र जोडलं तर बरं, असं क्लिनिकमधून सुचवलं गेलं. मोहनला एकदम गुरुदत्त काका आठवले. "डॉक्टर आहेत, पस्तीस वर्षं इथे आहेत. त्यांच्या शब्दाला वजन पडेल."

काकांनी आनंदाने दीड पान लिहिलं. त्यांच्या पिढीत कोणासाठी पत्र लिहायचं म्हणजे चारित्र्याचा दाखला लिहायचा, आणि दाखल्यात माणसाचं वाईट लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं की, इतकी हसतमुख रुग्ण आपण कारकिर्दीत पाहिली नाही. तक्रारीचा एक शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. मंडळाचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. गणपतीत दीडशे पुरणपोळ्या केल्या, नाटकाचे तिन्ही अंक उभ्याने पाहिले. अशा कष्टाळू आणि आनंदी स्त्रीला आपण नि:शंकपणे पात्र समजतो.

पत्र बाईंनाही दाखवलं गेलं. त्यांनी दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि भाषा चांगली असल्याचं सांगितलं.

अपील फेटाळलं गेलं. कारणांमध्ये पुरणपोळ्यांचा उल्लेख होता. 'दीडशे भाकऱ्या उभ्याने लाटल्या' असा.

"एवढं लिहूनसुद्धा?" काका फोनवर म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं. "मी अजून स्ट्राँग लिहायला हवं होतं."

चौदा आठवडे यंत्राशिवाय झाले. चौथीचा वर्ग होता. मार्गदर्शक शिक्षिका मिसेस हॅलोरन, उत्साही, साठीच्या, मऊ बुटांच्या. त्यांचा एकच नियम होता: शिक्षिका वर्गात बसत नाही. ती बाकांमधून फिरते. बाई फिरल्या. रोज सहा तास. नकाशाच्या स्टँडपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून नकाशाच्या स्टँडपर्यंत, आणि दोन्ही ठिकाणी जरा टेकायला मिळत असल्यामुळे चौथीची मुलं भूगोलात पुढे गेली.

पहिल्या आठवड्यात त्यांनी एका मुलीच्या निबंधाला सहा दिले. आपल्या मते त्या उधळल्या होत्या. मिसेस हॅलोरननी वही बाजूला घेतली, हळूच म्हणाल्या, "हनी, वुई डोन्ट डू सिक्स," आणि स्टिकरचं पाकीट हातात दिलं. गोल, पिवळा, हसरा चेहरा. खाली 'गुड जॉब!' उत्तराबाईंनी तो ओळखला. क्लिनिकच्या भिंतीवरचा पहिला. शून्य. त्यानंतर चौदा आठवडे त्यांनी मुलांच्या वह्यांवर शून्यं चिकटवली आणि सगळे पालक खूश होते.

नवव्या आठवड्यात उजवं पाऊल उचलेनासं झालं. जिन्यावर चवडा अडकायचा. त्या पाऊल जरा बाहेरून फेकून टाकायला शिकल्या. दहाव्या आठवड्यात मुलं खेळात तशी चालू लागली. हिणवायला नव्हे; त्यांना ते आवडलं होतं. बाईंनी एकही दिवस रजा घेतली नाही. शेवटच्या अहवालात मिसेस हॅलोरननी उत्तीर्ण केलं आणि लिहिलं: अत्यंत प्लेझंट.

सर्टिफिकेट आलं. २००७ च्या संक्रांतीला मंडळाने सत्कार केला, शाल, श्रीफळ. गुरुदत्त काका माईकवर म्हणाले, "आणि एक लक्षात घ्या मंडळी. यंत्राशिवाय! यंत्राशिवाय केलं यांनी हे! काय लागलं? फक्त इच्छाशक्ती!" लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. उत्तराबाई बसल्या होत्या. त्यांना आता पंधरा मिनिटांच्या वर उभं राहता येत नव्हतं.

क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याआधीच पुन्हा अर्ज करायचं ठरवलं होतं. या वेळी त्यांनी कंपनीकडून नियम आधीच लेखी मागवला. तो सोपा होता. सलग सहा महिने, महिन्याला एक भेट, प्रत्येक भेटीत आकडा सात किंवा वर. एखादा महिना जरी खाली गेला, तर पहिल्यापासून.

२००६ च्या डिसेंबरातच सुरुवात झाली होती. निधी आता सतरा पूर्ण करून गाडी चालवत होती. तिने कामगिरी हातात घेतली. नर्सने प्रश्न विचारला की आईने तोंड उघडायच्या आत ती म्हणे, "सेव्हन." डिसेंबर, सात. जानेवारी, सात. बाई जमिनीकडे बघत राहत. नागपुरात त्यांनी ओढणीच्या टोकावर उत्तरं लिहून आणणाऱ्या एका मुलीला पकडलं होतं. मुलीचं वर्ष गेलं, तिचे वडील ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून रडले, आणि बाईंनी त्यांना पाणी देऊन सांगितलं होतं की कॉपी म्हणजे कॉपी. आता दर महिन्याला त्या स्वतः परीक्षेला बसत होत्या आणि पोरगी शेजारून उत्तर सांगत होती.

मार्चमध्ये, चौथा सात लागून गेल्यावर, जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने त्यांना मुलाखतीला बोलावलं, आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला. तिसरीचा वर्ग, ऑगस्टपासून. मेअखेर होकार कळवा. मेमध्ये सहावी भेट होती. सहावा सात लागला की यंत्र, यंत्र बसलं की वर्ग. सगळं इतकं सरळ होतं की मोहनने शर्टाला इस्त्री केली.

एप्रिलचाही सात लागला. मेची भेट मात्र निधीच्या कॅल्क्युलसच्या परीक्षेच्या सकाळी आली. तारीख बदलेना.

"मी येतो आत," मोहन म्हणाला.

"नको. तुम्ही ऑल ओके म्हणाल."

निधीने आदल्या संध्याकाळी आईला इस्त्रीच्या बोर्डापाशी उभं केलं. "से इट. सात."

"सात."

"इंग्लिशमध्ये."

"सेव्हन."

"पुन्हा. विदाउट द फेस."

"कोणता चेहरा?"

"सॉरी म्हटल्यासारखा चेहरा. आई, प्लीज. वन वर्ड. आठ नको, नऊ नको. फक्त सात."

"येतं मला," बाई म्हणाल्या. "पाठ झालंय."

सकाळी मोहनने दारापाशी सोडलं आणि तो पार्किंगमध्ये ऑफिसच्या कॉलवर बसला. आत नर्स नवीन होती, तरुण, टवटवीत. कागद जाऊन कॉम्प्युटर आला होता.

"हाउ आर वुई टुडे?"

"फाइन, थँक यू," उत्तराबाई म्हणाल्या. ते थांबवता आलं नाही.

"झीरो टू टेन, आज किती? बी ऑनेस्ट नाउ."

बाईंनी प्रामाणिकपणे हिशेब केला. त्या दिवशी तळवा असा पेटला होता की त्यांना मोजा घालता आला नव्हता. कळ थेट बरगडीपर्यंत येत होती. पहाटेपासून त्या ओठ चावत होत्या. आतून रक्ताची चव येत होती. इतकं त्यांना याआधी कधी झालं नव्हतं. मग त्यांना आई आठवली, ती चादरीची घडी आठवली. सात आईचे होते. दिलेले गुण त्यांनी कधी बदलले नव्हते.

त्यांनी स्वतःला, आयुष्यात एकाच मुलीला दिले होते तेवढे गुण दिले.

"सिक्स अँड हाफ."

"ओह, यात अर्धा जात नाही," नर्स म्हणाली. "सिक्स ऑर सेव्हन?"

उत्तराबाईंचा चेहरा उजळला. हा नियम त्यांना येत होता. बोर्डाच्या पेपरांना त्या सहा वर्षं मॉडरेटर होत्या, म्हणजे इतरांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासायच्या. "आमच्याकडे," त्यांनी सावकाश इंग्रजीत समजावलं, "अर्धा गुण उरला तर तो विद्यार्थिनीच्या बाजूने धरतात. वर."

"दॅट्स सो नाइस!" नर्स म्हणाली आणि थांबली.

बाईही थांबल्या. त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग असा होता की, तो अर्धा गुण पेपर लिहिणारीने मागायचा नसतो. तो तपासणाऱ्याने द्यायचा असतो. बाई नर्सकडे बघत राहिल्या. नर्स बाईंकडे बघत राहिली. दोघी हसत होत्या. बाहेर पुढचा पेशंट खोकला.

"आय विल पुट सिक्स," नर्स म्हणाली आणि बटण दाबलं. मग पडद्यावर मागचे आकडे आले, ते पाहून तिला खरोखर आनंद झाला. "हे, डाउन फ्रॉम सेव्हन! गुड जॉब!"

दुपारी निधीने परीक्षा संपल्यावर शाळेच्या पार्किंगमधूनच फोन केला. "सांगितलंस?"

"साडेसहा."

निधी मराठीत म्हणाली, "का गं आई?" ती सहसा मराठीत विचारत नसे.

"पेपर कसा गेला ते सांग आधी," उत्तराबाई म्हणाल्या.

मेअखेरीस त्यांनी शाळेला नकार कळवला. तिसरीच्या त्या वर्गावर ऑगस्टात दुसऱ्या बाई उभ्या राहिल्या. विमा कंपनीचं पत्र जूनमध्ये आलं. तुमच्या प्रकृतीत सुधारणा होत असल्याचं वाचून आनंद झाला, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. म्हणून यंत्राची तूर्त गरज नाही. आणि शेवटी, असाच सकारात्मक दृष्टिकोन ठेवा.

मोहनने ते पत्र वाचून घडी करून ठेवलं होतं. बाईंनी ते इस्त्रीच्या बोर्डावर सपाट केलं, लाल पेन घेतलं आणि उभ्याने, जेवढं उभं राहवलं तेवढ्यात, तपासलं. व्याकरणात चूक सापडली नाही.

"किती?" मोहनने विचारलं.

"साडेपाच," त्या म्हणाल्या. "शेवटचा परिच्छेद सैल आहे."